शिट्टीचं कुलूप

२ सप्टेंबर, सकाळी

माझ्या हातचं जे सोबत आणलंय ते आधी लिहून ठेवतो. पत्र्याची पेटी, बिजागऱ्यांसकट. सगळे चिमटे. कानशींच्या मुठी. चष्म्याची उजवी काडी (डावी दुकानातली, म्हणून तीच सैल). आणि कुलूप — पितळी, सात लिव्हरचं, म्हणजे आत किल्लीने उचलायच्या सात पट्ट्या. माझ्या किल्लीशिवाय ते आजवर कुणाच्या बापालाही उघडता आलेलं नाही.

शिकवलं कुणी? कुणीच नाही. बिघडलेली कुलपं खोलून बघत बघत शिकलो. आता पन्नाशीत परदेशी येऊन कुलपांच्या वर्गात तीन आठवडे विद्यार्थी. निघताना ही म्हणाली, "दप्तर भरलंत, पाटी घेतलीत का?"

२ सप्टेंबर, जेवणाच्या सुट्टीत

एवढ्या लांब येऊनही शेजारच्या बाकावर आपल्याच भाषेचा माणूस निघाला. तिशीचा असेल. काम करताना सारखी शिट्टी वाजवतो. नाव सांगितलं त्याने, मी लक्षात ठेवलं नाही. शिट्टीच.

इथली रीत अशी — पहिल्या दिवशी आपण केलेल्या कुलपाची किल्ली मास्तरांकडे द्यायची आणि बंद कुलूप शेजाऱ्याच्या हाती. त्याने ते उघडायचं.

शिट्टीने माझं कुलूप फिरवून पाहिलं, भोकात तार घालून जरा खुडबुडला, आणि सरळ हॅक्सॉ उचलला.

"अहो, काय करताय?"

"उघडतोय, काका."

कडी कापली आणि तुकडे माझ्यापुढे ठेवले. वर्ग हसला. मास्तर म्हणाले, "चोर तरी वेगळं काय करणार?"

मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकवलं — हॅक्सॉ लावणं म्हणजे उघडणं नव्हे. ज्याच्या बोटांत काही नाही तो हॅक्सॉ लावतो. मी जन्मात लावलेला नाही, लावणारही नाही.

"बरं काका," शिट्टी म्हणाला, "उद्या तुमची पाळी. माझं उघडून दाखवा."

काका म्हणे. दाखवतोच.

२ सप्टेंबर, संध्याकाळी

जेवण गेलं नाही. तुकडे रुमालात बांधून ठेवलेत. जोडता येतील, पण सांधा दिसणार. दिसणार म्हणजे दिसणारच.

३ सप्टेंबर

उघडलं! दोन तारांनी, चहा निवायच्या आत. मास्तरांनी पाठ थोपटली.

एक मात्र इथे लिहायला हरकत नाही — काम सुबक आहे. लिव्हर तारेवर लोण्यासारखे उचलले जात होते. त्या धसमुसळ्याच्या हातचं वाटत नाही.

पण एवढ्यावर सोडतोय होय? कुलूप परत देण्याआधी घड्याळाच्या स्प्रिंगचा बारीक तुकडा भोकातून आत सोडला, लिव्हरांच्या मधे. मग दाबून बंद केलं. आता त्याचीच किल्ली त्याला लागायची नाही. थोडे दिवस नाचवीन, मग तुकडा चिमट्याने गुपचूप काढून घेईन. चिमटा आत जातो, घालून पाहिलाय.

४ सप्टेंबर

आज मास्तरांनी किल्ल्या परत दिल्या. ज्याने त्याने आपापलं उघडून दाखवायचं — मी सोडून, माझं उरलंय कुठे?

शिट्टीची किल्ली फिरेना. पुन्हा लावली. पुन्हा. तोंडातली शिट्टी थांबली.

मी विचारलं, "हॅक्सॉ देऊ?"

वर्ग असा काही हसला की परवाचं सगळं व्याजासकट फिटलं. तो हसला नाही. पकडीत धरून किल्ली जोरात पिळली. आत कट् असा आवाज झाला.

आज दोन वेळचं एकदम जेवलो.

५ सप्टेंबर

सकाळी माझ्या बाकाशी आला. कुलूप दोन्ही हातांत धरलेलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, हे मी केलेलं नाही. बाबांचं आहे, त्यांचं शेवटचं. माझं एवढं चांगलं होत नाही, म्हणून हे आणलं. याला हॅक्सॉ नाही लावायचा मला. तुम्ही एकदा उघडलंत, तुम्हीच उघडा."

काल वर्ग रिकामा झाल्यावर त्याच्या बाकावरच्या कुलपात मी चिमटा घालून पाहिला होता. पिळल्याने तुकडा पार खोल जाऊन लिव्हरखाली रुतलाय. माझ्यानेही उघडत नाही. हॅक्सॉच लागेल.

मी नकारार्थी मान हलवली. वर्गाला वाटलं, म्हाताऱ्याच्या मनातली अढी. वाटू दे.

मग त्याने पन्नास हजार रुपये देऊ केले. नाही म्हणालो.