बाराच्या आधीची भाकर

पाली,
१९ ऑक्टोबर १९८६

चि. निवृत्तीस,
थोरल्या बहिणीचा जयभीम आणि पोराबाळांना पोटभर मुके.

तू मायला घेऊन पायी वेरूळची लेणी बघायला निघालास, लई भारी वाटलं. पण तुझा तो बारदानाचा तंबू! आमा ऊसतोड्यांची पाचटाची कोपी त्याहून बरी. मला सांगितलं असतंस तर नीट बांधून दिला असता.

काल सांजच्याला तुमी धरणाखाली उतरलात कळलं, तशी टँकरचं पाणी जपून वापरून भाकरी थापल्या, पिठलं केलं, पळत आले. तू पाण्याला गेलतास. मायनं हात जोडले अन् भाकरीला शिवलीसुदीक न्हाई. कावून, ते मला कळत न्हाई व्हय? सासूनं कोनाड्यात मरीआई ठेवलीय म्हणून माझ्या लग्नापासून ती माझा उंबरा चढली न्हाई. पण तंबूत कुठली मरीआई बसलीती? लई लागलं मला. तोंडाला येईल ते बोलले अन् टोपलं उचलून निघाले.

उद्या आमची टोळी नगरकडं सहकारी कारखान्याला निघतीय. सासूबी संगं हाय, घराला कुलूप. तू यात्रेवरून घरी गेलास की हे वाचशील. तुझ्यावर राग न्हाई.

तुझी अक्का,
भामा

युसूफ वडगाव,
१२ नोव्हेंबर १९८६

ती. भामाअक्कास,
धाकट्याचा सविनय जयभीम. तुमच्या हातापायांना सुख असो.

अगं अक्का, काय करून बसलीस! निघताना भंतेजींनी आम्हा सगळ्या यात्रेकरूंना आठ शीलं पाळायला दिली होती. त्यातलं एक, दुपारी बारानंतर अन्न घ्यायचं नाही. मायला वाटलं, लेक बौद्धाची, हे तिला ठाऊकच असणार. तुमच्या घरी हे कुणी पाळत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तू गेल्यावर ती तोंडावर पदर घेऊन रडली.

वेरूळला बुद्धमूर्तीपुढे सगळे डोळे मिटून बसले, माय मात्र मला खुणावून विचारत होती, परतीची एसटी पालीला बाराच्या आत पोचते का. मरीआई असू दे कोनाड्यात, मी पोरीच्या चुलीपाशी जेवणार, म्हणाली. आम्ही वेळेत पोचलो, तर दाराला कुलूप. शेजारच्या विमलबाईंनी टोळी गेल्याचं सांगितलं. माय ओट्यावर उन्हात बसून राहिली. बारा टळले तेव्हा उठली. त्या दिवशी जेवलीच नाही.

आता तिचे पाय सुजलेत, अंथरुणावरच आहे. दोन दिवस तरी येऊन जा गं.

तुझा,
निवृत्ती

कारखाना तळ,
२ डिसेंबर १९८६

चि. निवृत्तीस जयभीम.

तुझं पत्र उसाच्या फडात वाचलं अन् कोयता टाकून खाली बसले. मुकादमाच्या पाया पडले. पट्टा पडेस्तोवर, हंगाम सरेस्तोवर सोडत न्हाई म्हणतो.

एक सांगते, मायला सांगू नको. चावी विमलबाईकडंच होती. निघताना मीच तिला बजावलं होतं, माझी माय आली तर दार उघडू नको, बसू दे तिला भाईर.

म्हंजे ती येणार, हे मला ठाऊक होतं रे.

मायला जप. मी येईस्तोवर जप.

भामा