स्क्रूवरचा ताजा रंग

जोहे, बुधवार, संध्याकाळ

स्क्रूवरचा तो काळा रंग डोळ्यांसमोरून हलत नाही.

माझ्या केतकीला मूर्तीचे नमुने कॉम्प्युटरवर करायला ग्राफिक्स कार्ड हवं होतं. नवं पेणला नाही, रोह्याला नाही. क्रिप्टोच्या मायनिंगवाल्यांनी, म्हणजे कॉम्प्युटर रात्रंदिवस राबवून आभासी नाणी कमावणाऱ्यांनी, सगळी उचललेली. शेवटी आज रोह्याजवळच्या अष्टमी गावात जाऊन एकाकडून जुनं घेतलं. तो म्हणाला, "ताई, भाऊ गेम खेळायचा फक्त. मायनिंगला नाय लावलं." मी गणपतीचे डोळे रंगवणारी. ताजा हात मारलेला मला कळणार नाही? कार्डाचे स्क्रू उघडून पुन्हा रंगवले होते, म्हणजे ते राबवून झिजलेलं, दुरुस्त केलेलं. तरी पैसे मोजून दिले. का? आमच्या कारखान्यात मूर्तीचं बोट तुटलं की जोडतो, वरून रंगाचा हात मारतो, आणि ती मूर्ती खुशाल पूजेला बसते. वाटलं, हेही तसंच चालेल.

घरी आणून लावलं, आणि चाललं की. पडद्यावर गणपती गोल फिरला. मी मात्र त्या स्क्रूंकडेच बघत होते. केतकी खुशीत म्हणाली, "आये, डोळे तूच काढ." मी माउस धरला आणि पडदा काळा झाला.

"लाइट गेली असंल," ती हळूच म्हणाली.

डोक्यावर पंखा फिरत होता.