पत्र्यावरून ऐकलेलं यान

४ मे २०२५, रविवार

बजरंगचा मेसेज! दहावीच्या ग्रुपवर, सकाळी सकाळी. "१८ तारखेला गेट-टुगेदर, आपल्याच शाळेत. जेवणानंतर सरप्राइज — आपलं यान! शेवटचा भाग सापडलाय!!" खाली अंगठ्यांची रांग. शिवगंगानं डोळे पुसणारं तोंड टाकलंय. "काय दिवस होते गं! सगळे मिळून बघायचो!"

सगळे मिळून! आणि मी कुठं होते, ते विचार की बाई!

मीही अंगठा दिला. आतून मात्र पेटलेय.

५ मे

कालपासून डोक्यात तेच. लिहून काढते.

येरमाळ्यात आमच्या गल्लीत टीव्ही एकच — बजरंगच्या घरी. मी अकरा वर्षांची. दर रविवारी सकाळी ते जपानी कार्टून लागायचं, हिंदीत केलेलं. एक बहीण, तिचा धाकटा भाऊ आणि एक यंत्रमानव, हरवलेलं घर शोधत आकाशभर हिंडायचे. आम्ही त्याला नुसतं 'यान' म्हणायचो. चित्र धड यायचं नाही. कुणीतरी पत्र्यावर चढून अँटेनाचा पाइप फिरवायचा. माझे हात लांब, म्हणून मी. आणि गंमत म्हणजे मी पाइप धरून ठेवला तरच चित्र टिकायचं. सोडला की मुंग्या! मग काय — "सत्ये, सोडू नगंस!" सगळे सव्वीस रविवार मी पत्र्यावर. एकही भाग डोळ्यांनी पाहिला नाही.

खोटं कशाला लिहू, सुख होतं त्यात. यान उडतानाची शिट्टी वर ऐकू यायची. यंत्रमानवाची कुरकुर यायची. आणि बजरंग खिडकीतून ओरडून सांगायचा — "उडालं! पोरीनं दांडा वडला! आता खडक आले, लई खडक!" मी डोळे मिटून सगळं बघायचे. वहीत यान काढायचे, गोल, पाण्याच्या टाकीसारखं. सोमवारी शाळेच्या वाटेवर बजरंग यंत्रमानवासारखा चालून दाखवायचा आणि मी हसून हसून खाली बसायचे.

शेवटच्या रविवारी निम्म्यातून पुढं खिडकीतून गोष्टीचा एक शब्द आला नाही. खालून नुसती खरखर. वाटलं, वाऱ्यामुळं असेल. "दिसतंय का?" मी दहादा विचारलं. "दिसतंय! सोडू नगंस!" हात सोलपटले, पत्रा तापून तळवे भाजले. उतरले तर पोरं पांगलेली. बजरंगला विचारलं, काय झालं रे शेवटी? माझ्याकडे न बघता म्हणाला, "काय न्हाय. मेले समदे." आणि आत निघून गेला.

एवढंच! सहा महिने उन्हात उभी केलेल्या पोरीला चार शब्द! मी आठ दिवस त्या भावंडांसाठी रडले. पुढं दहावीपर्यंत एका वर्गात होतो, पण त्याच्याशी धड बोलले नाही. आणि आता हा मला 'सरप्राइज' देतोय!

९ मे

मैथिली म्हणते, "आई, एकोणतीस वर्षं झाली. एका कार्टूनसाठी?"

"कार्टून नाही. यान."

"बरं. एका यानासाठी?"

स्वतःच्या पोटची पोर, पण तिलाही कळायचं नाही.

१२ मे

बजरंगचा फोन. मी आता त्याच शाळेत नोकरीला, संगणक कक्षाची किल्ली माझ्याकडे, प्रोजेक्टर माझ्या ताब्यात, हे त्याला ठाऊक आहे. "सत्ये, तूच लाव बरं का. तुझ्या हातात चित्र टिकतंय!" वर हसला!

हो रे बाबा. टिकवते.

१७ मे

पेनड्राइव्ह आणून दिला. पुण्यात कुणाकडे तरी जुनी टेप होती, तीही आता गेली म्हणे, एवढी एकच कॉपी निघाली. "चालतंय का तेवढं बघ. शेवट बघू नगंस हं! समदे मिळून बघू." तो गेला. मी आतून कडी लावली आणि भाग लावला.

यान लांबट निघालं, वांग्यासारखं! ती पोर किती लहान होती! मध्येच यान पेटलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले, आता मरणार म्हणून.

मेले नाहीत! कुणीच नाही! यंत्रमानवाचा एक हात जातो, पण घर सापडतं. आई दारात उभी असते. भाऊ पळत सुटतो. ती पोर पळत नाही, आधी यानाचं दार नीट लावून घेते, मग जाते.

टेबलावर डोकं ठेवून रडले. मग संताप आला. खोटं! साफ खोटं सांगितलं मला! जिवंत माणसांचं सुतक पाळत बसले मी!

भाग पुसला. पेनड्राइव्ह रिकामा केला, आणि खात्री करून घेतली. आता तो शेवट माझ्या एकटीकडे. बसा सगळे मिळून!

१८ मे, रविवार

झालं मनासारखं.

जेवणं झाली, खुर्च्या लागल्या, खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. सगळे लहान पोरांसारखे पुढं सरकून बसले. मी पाच मिनिटं खटपट केल्याचं नाटक केलं. "फाइल खराब झालीय. उघडत नाही." केवढा गलका! शिवगंगा तर हळहळून बसली. कुणीतरी विचारलं, "काल तू तपासला ना? शेवट काय हाय?"

मी बजरंगकडे बघितलं. अगदी सरळ डोळ्यांत.

"काय न्हाय. मेले समदे."

त्याचा चेहरा असा उतरला की विचारू नका. उरलेला शिरा दोनदा घेतला मी. गोड लागला!

१९ मे

बजरंग शाळेत आला, पेनड्राइव्ह न्यायला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "म्हंजी खरंच मेले व्हय? म्या तर अंदाजानं सांगितलं हुतं तुला. त्या दिवशी यान पेटलं आन् चित्रच गेलं. आमी कुनीच काय पाह्यलं न्हाय, निस्त्या मुंग्या. न्हाय म्हनलं असतं तर आपल्या हातून गेलं म्हनून तू रडत बसली असतीस. असू दे. एकीनं तरी पाह्यलं, लई झालं."

मी रिकामा पेनड्राइव्ह त्याच्या हातात ठेवला. ते घरी पोचले — एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही.