द्वारकाबाईंचा करुण शेवट

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. नियमित. यापूर्वीचे आरंभ धरू नयेत.
संस्थेत मीटिंग. आमची संस्था वारज्यातल्या एकट्या म्हाताऱ्यांना दुपारचा डबा देते. मी तिथे डबा चाखतो. मानद. नम्रता संस्था चालवते. वय तिशीचं, चाल वादळी. म्हणाली, महिनाअखेर देणगी आली नाही तर स्वयंपाकघर बंद. हल्ली लोक आकडे बघून पैसे देत नाहीत म्हणे, स्टोरी ऐकून देतात. एक माणूस, खरी गोष्ट, तीन मिनिटं. पंधरा तारखेला एका आयटी कंपनीची माणसं ऐकायला येणार.
मी हात वर केला. चौथीत कविता म्हणायलाही पहिला हात माझाच असे. दुसरा कोणाचाच वर नव्हता, म्हणजे अधिकार सर्वमान्य.
भाजी दुधीची. चाखली. खात्रीसाठी पुन्हा चाखली.

५ नोव्हेंबर
नायिका ठरली. द्वारकाबाई, वय एक्याऐंशी, तिसरा मजला, लिफ्ट बंद. मुलाखतीला गेलो. आयुष्यातलं दुःख कोणतं, असं हळुवार विचारलं. म्हणाल्या, सध्याचं म्हणाल तर माझी मालिका सुरू झालीय आणि तुम्ही अजून बसलाय. म्हटलं, आणखी काही? म्हणाल्या, आमटीत मीठ घालायची पद्धत आहे, एवढं आपल्या स्वयंपाकघरात कळवा.
बाई फारच आनंदी. गोष्टीला निरुपयोगी. काहीतरी करावं लागेल.

८ नोव्हेंबर
लेखनास आरंभ. गद्यात मन रमेना, शार्दूलविक्रीडित घेतलं. वर्ग आठवला. खिडकीतलं ऊन, गुरुजींची पट्टी, सगळी पोरं एका लयीत डुलतायत. डुलता डुलता डोळा लागला. दोन ओळी झाल्या. चांगल्या आहेत.
मुलाचा, अभयचा, फोन नाही. सिडनीत नेटवर्कचा फार त्रास.
उद्या रविवार, स्वयंपाकघराला सुट्टी. म्हणून आज वांगं आगाऊ चाखून ठेवलं.

१२ नोव्हेंबर
शेवटी गद्यच. नम्रताने मसुदा ऐकला. म्हणाली, काका, मस्तच आहे, पण आपण अजून आजींच्या बारशातच आहोत. डबा कधी येतो? म्हटलं, सातव्या प्रकरणात. ती म्हणाली, तीन मिनिटं, काका. आणि प्लीज, खरं. म्हटलं, निश्चिंत राहा.
शेवट मात्र जमत नाही. बाई मालिका बघत बसतात, हा काय शेवट झाला?

१४ नोव्हेंबर
सापडला! द्वारकाबाई जातात. दाराशी न उघडलेला डबा. खिडकीत एकटा पारवा. लिहिताना मीच रडलो. खरेपणाचं म्हणाल तर भाव खरा आहे. नम्रता शेवट बघायला दोनदा आली होती, पण दोन्ही वेळा मी चाखण्यात होतो.

१५ नोव्हेंबर
अभूतपूर्व! एकावन्न मिनिटं बोललो. कंपनीचे प्रज्ञेश साहेब, अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, चक्क रडले. शेवटी सगळे आपणहून श्रद्धांजलीला उभे राहिले. तिसऱ्या रांगेत द्वारकाबाईही उभ्या राहिल्या. कमी ऐकू येतं त्यांना. कोण गेलं हो, म्हणून शेजारी विचारत होत्या.
प्रज्ञेश साहेबांनी लगेच जाहीर केलं, बाईंच्या स्मरणार्थ बागेत एक बाक. नम्रताने डब्यांचं विचारलं, तर म्हणाले, पण मॅडम, आता त्यांना लागणार नाही ना.
बाक! संस्थेच्या इतिहासात प्रथमच.
नम्रता बोलत नाहीये. भारावली असावी.

१७ नोव्हेंबर
द्वारकाबाईंना कळलं. तीन जिने उतरून आल्या. सगळ्यांदेखत म्हणाल्या, अहो कविराज, मारलंत ते मारलंत, निदान जेवून तरी मरू द्यायचंत! कलेची समज बेताची.
नम्रताने फोन करून माफी मागितली. प्रज्ञेश साहेब म्हणाले, बुधवारी पुन्हा येतो, पण या वेळी माणूस जिवंत हवा. बोलणार द्वारकाबाई. मला विश्रांती दिली आहे. गरज होतीच.

१९ नोव्हेंबर, बुधवार
बाई खुर्चीतूनच बोलल्या. उभ्याही राहिल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्यात एक गृहस्थ आहेत. रोज बाराच्या ठोक्याला डबा चाखायला येतात. चाखून झाला की डबा रिकामा. मग दोन तास शाळेतल्या कविता म्हणतात, कारण घरी ऐकायला कोणी नाही. मुलगा फोन करत नाही, दोष नेटवर्कचा. आम्ही कोणी काही बोलत नाही, चाखू देतो. डबा बंद झाला तर मी मुलीकडे जाईन. ते कुठे जातील? एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं.
तीन मिनिटंसुद्धा नाही. प्रज्ञेश साहेबांनी वर्षभराचे डबे दिले, सगळ्यांचे. नम्रता माझ्याकडे बघून उगाच डोळे पुसत होती.
गोष्ट ठीक होती. वृत्त नाही, अलंकार नाही, पारवासुद्धा नाही. पण ते गृहस्थ काही डोळ्यांसमोरून हलेनात. बिचारे! द्वारकाबाईंना पत्ता विचारला. माझ्याकडे बघत म्हणाल्या, राहतात इथेच जवळ, भेटतील कधीतरी.
उद्या चाखून झालं की शोधायला निघतो. कविता त्यांनाही येतात म्हणे. दोघं मिळून म्हणू.