लेडीज बाथरूमची कडी

मंगळवार, संध्याकाळ

आज नेहरू नगरच्या कोचिंगमध्ये पहिल्यांदा लेडीज बाथरूममध्ये गेली. बाई म्हणून जगायले लागून वर्ष झालं, तरी शिकवून घरी येईपर्यंत रोज दाबून धरत होती. आत कडी लावली. पुन्हा पाहिली, लागली का. कावून? मले कोणी ओढून काढणार होतं का? तरी तिसऱ्यांदा पाहिलीच.

बाहेर आली तर नळापाशी केमिस्ट्रीच्या देशमुख मॅडम. माझ्या तोंडून निघालं, "सॉरी."

"सॉरी कायले? सरका ना थोड्या, हात धुवू द्या मले."

घरी आईले सांगितलं. कणीक मळता मळता ती इतकंच बोलली, "बरं झालं, पोरी."

पोरी! आजवर बाबूच म्हणत होती.

उद्या तिथं दुसरी कोणी असली अन् ओरडली तर? जीव थाऱ्यावर नाही. पण जाईन.