तुमचं घोरणं माझ्याकडे आहे

बाबा, गेल्या आठवड्यात मी एक रात्र दवाखान्यात झोपून आले. आजारी पडून नव्हे, नुसती झोपायला. तुमच्या काळात असं कोणी सांगितलं असतं तर गावानं त्याला वेड्यात काढलं असतं. आता असतं तसं. संध्याकाळी जायचं, अंगाला वायरी लावून घ्यायच्या, झोपायचं, आणि झोपेत आपण काय काय उद्योग करतो ते यंत्रानं रात्रभर टिपायचं. तुमच्या जावयांनी मला चिखलीहून एसटीत बसवून बुलढाण्याला नेलं तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, जणू मोठा किल्ला सर केला. वर्षभर मी त्यांना दाद दिली नव्हती. का दिली नव्हती, ते तुम्हालाच सांगण्यासारखं आहे.

मी घोरते, बाबा. थोडंथोडकं नाही, तुमच्याइतकं. तुम्हाला ते माहीत होतंच. माझं लग्न ठरलं तेव्हा आईला हुंड्याची, मानापानाची कशाचीच काळजी नव्हती, एवढीच होती. हळद लागल्यावरसुद्धा ती मला कानात सांगत होती, "कुशीवर झोपजो वं पोरी, उतानी झोपू नको." आणि तुम्ही ओसरीवरून मोठ्यानं म्हणालात, "घोरू दे तिले. त्याईच्या घरी चोर येनार नाई." मांडवातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मला लाज वाटली आणि आतून फार बरंही वाटलं. लेक बापावर गेली हे तुम्ही चारचौघांत सांगितलं होतं.

कारण तुमचं घोरणं काही साधंसुधं नव्हतं. नवं महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी दुसरीत होते. मास्तरांनी राज्याचा नवा नकाशा भिंतीवर टांगला होता आणि त्यात आपलं गाव कुठे आहे ते त्यांनाही सापडत नव्हतं. पण इकडे धाडच्या बाजारापर्यंत आपलं गाव लोक ओळखायचे ते तुमच्या घोरण्यावरून. हिवाळ्यात ज्वारीची कणसं खळ्यावर येऊन पडली, की रात्री जागलीला माणूस लागायचा. रात्रभर जागत राखण करायची, ती जागल. आणि त्या कामाला गाव बोलवायचं तुम्हाला, बाजेवर पाठ टेकली की घोरायला लागणाऱ्या माणसाला. आज एकाच्या खळ्यावर, उद्या दुसऱ्याच्या. बाहेरगावच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो हसायचा, पण गावाचं गणित पक्कं होतं. तुम्ही घोरता आहात तोवर झोपलेले. मात्र मधेच घोरणं एकदम बंद व्हायचं. सगळं चिडीचूप. मग गावाची खात्री, की दादांना चाहूल लागली, दादा डोळे मिटून कानोसा घेताहेत, हात काठीवर गेलाय. त्या शांततेत रानडुक्कर काय आणि चोर काय, पुढचं पाऊल टाकायची कोणाची छाती नव्हती. थोड्या वेळानं तुम्ही घशातून एक जबरदस्त आवाज काढून पुन्हा सुरू व्हायचात, म्हणजे सगळं ठीक आहे. असा रात्रीतून पन्नासदा जागा होणारा राखणदार दुसऱ्या कोणत्याच गावाकडे नव्हता, असं आपले लोक छाती फुगवून सांगायचे.

या गणितात एकटी आई कधी सामील झाली नाही. घरी ती तुमच्या बाजेखाली सतरंजी टाकून झोपायची आणि झोपेतही तिचा एक हात बाजेच्या गातावर, कडेच्या लाकडावर असायचा. तुमचा आवाज थांबला की ती बाज गदागदा हलवायची. जागलीचे दिवस आले की हे काम माझ्याकडे यायचं. तुमच्यासोबत मला खळ्यावर धाडताना ती बजावायची, "आवाज बंद झाला का बाज हालवजो. पुना सुरू झाला का मंग झोपजो." मी विचारायची, "काऊन वं माय?" ती म्हणायची, "सांगतलं तेवढं कर." मी कडब्याच्या पेंढ्यांवर गोधडीत पडलेली आहे, वर चांदण्या आहेत, थंडीनं नाक गार पडलंय, आणि गोधडीतून फक्त माझा हात बाहेर आहे, तुमच्या बाजेला धरून. आवाज थांबतो, मी हलवते, तुम्ही सुरू होता. मला वाटायचं, अख्ख्या गावाची राखण तुम्ही करता आणि तुम्हाला चावी मी देते. पुष्कळदा मीच गाढ झोपायची, तरी तुम्ही आपले आपण सुरू व्हायचातच, हे सकाळी लोकांकडून कळायचं.

मग तो धाडच्या बाजारातला माणूस. तुम्ही बैलांसाठी दोर घेत होतात आणि मी तुमचं धोतर धरून उभी होते. एक मिशाळ गृहस्थ जवळ आला, तुमच्या पायाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "दादा, आता सांगाले हरकत नाई. मांगच्या साली तुमच्या गावच्या खयावर आमी दोघं आलतो. तुमी घोरून राह्यले होते तवा दोन पोते भरले. अन् तुमी एकदम चूप. आमी पोते तिथंच टाकून पयालो." तुमचा चेहरा जराही हलला नाही. "मंग," तुम्ही म्हणालात, "मी पाहूनच राह्यलो होतो तुमाले." आणि वर त्याला भजी खाऊ घातली. परतताना बैलगाडीत मी विचारलं, "बाबा, तुमी खरंच जागे होते काय?" तुम्ही म्हणालात, "मी कायचा जागा वं माय. मी त झोपेल होतो." आणि डोळा मिचकावलात. डोळा मिचकावलात म्हणून मी ते खोटं धरलं.

आता कळलं ना, मी वर्षभर का अडून बसले होते? ज्या घोरण्यावर गाव निर्धास्त झोपलं, त्याला कोणी आजार म्हणायचं आणि मी मान डोलवायची, हे मला जमेना. जावई तुमचे शांत माणूस. शाळेत माझ्यासोबतच मास्तर होते, पोरांवर कधी आवाज चढवला नाही त्यांनी. हल्ली मात्र माझ्यामागे लागले होते. मी बसल्या जागी पेंगायला लागले होते, हे खरंच होतं. एकदा भजनात टाळ वाजवता वाजवता झोपले आणि माझा टाळ शेजारणीच्या मांडीवर पडला. एकदा कुणाच्या तेराव्याला गेले आणि घोरले, त्या घरच्यांनी मोठ्या मनानं त्याला हुंदका मानलं. पण जावयांचं दुखणं वेगळंच होतं. एक दिवस चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "तू घोरते त्याचा मले काही तरास नाई. तू थांबते, त्याचा आहे. थांबली का मले वाटते, आता काही सुरू होत नाई." मी म्हटलं, "थांबणं म्हणजे जागं होणं. आमच्या गावाले विचारा." ते म्हणाले, "मी गावात नाई झोपत. मी तुह्याजवळ झोपतो." त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. मग मी गेले.

जाताना मी माझ्या पद्धतीनं तयारी केली. परगावी मुक्काम म्हणून डोक्याला चांगलं चोपडून तेल लावलं आणि घट्ट वेणी घातली. तिथल्या वायरी लावणाऱ्या मुलीनं माझ्या डोक्याला हात लावला आणि तोच स्वतःच्या कपाळावर मारून घेतला. "काकू, तेल नोका लावू म्हनून फोनवर सांगतलं होतं ना? आता हे चिकटनार कसं?" मुलगी देऊळगावकडची, बोलायला मोकळी. तिनं मला मोरीत नेऊन बसवलं आणि लहान लेकरासारखे माझे केस शाम्पूनं धुऊन दिले. मी म्हटलं, तेल लावल्याशिवाय मला झोपच येत नाही. ती म्हणाली, "इथं सगळेच असं म्हनतात, अन् सगळेच झोपतात." मग डोक्याला, कपाळाला, हनुवटीला, पायाला वायरी लागल्या, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. आरशात पाहिलं तर पोळ्याला सजवलेला बैल बरा. जावयांना तिनं घरी जायला सांगितलं. ते दाराबाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसून राहिले.

मला झोप लागली, हे वेगळं सांगायला नको. सकाळी तिनं वायरी काढल्या. मी विचारलं, बाई, घोरले का मी फार? ती हसली आणि म्हणाली, "आयकता काय?" त्या खोलीत आवाजही टिपतात, बाबा, चित्रही टिपतात. तिनं यंत्रावर लावलं आणि मी ऐकलं.

ते तुम्ही होतात. थोडंफार तुमच्यासारखं नव्हे, तुम्हीच. सुरुवातीचा तो करवतीसारखा खालचा सूर, मग शिट्टी, मग पुन्हा करवत. तुमचा एकच फोटो आहे आपल्याकडे, तोही मळकट. तुमचा आवाज कशावरच नव्हता. टेप नव्हता, काही नव्हतं. तुम्ही बोलायचात कसे, तेसुद्धा मला आता नीट आठवेनासं झालं आहे, आणि हे कोणाला सांगितलेलं नाही. आणि तिथे बुलढाण्याच्या दवाखान्यात, विस्कटलेल्या केसांनी बसलेली असताना, तुम्ही माझ्यासमोर झोपलेले होतात. मला इतका आनंद झाला की मी हसायला लागले. तेवढ्यात आवाज थांबला. खोली चिडीचूप. आणि माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी ते टेबल धरून गदागदा हलवलं.

ती मुलगी दचकली. "काय झालं काकू?" मी म्हटलं, काही नाही, पुढे लाव.  ज्या शांततेला कान इतकी वर्षं फसला, ती हाताला ठाऊक होती. आईनं सांगितलं होतं त्याला.

डॉक्टर तरुण होता, समजावून सांगणारा. घोरणं बंद होतं ते श्वासाची वाट बंद होते म्हणून, म्हणाला. मग जीव गुदमरतो, धडपडतो आणि पुन्हा सुरू होतो. रात्रभर हेच चालतं, म्हणून दिवसा झोप येते. यावर रात्री नाकाला लावून झोपायचं एक मशीन मिळतं, ते हवा सोडून श्वासाची वाट उघडी ठेवतं, असंही त्यानं सांगितलं. मी त्याला खळ्याची सगळी गोष्ट सांगितली. वायरीवाली मुलगी दारात उभी राहून ऐकत होती, ती म्हणाली, "मंग तुमची आईच मशीन होती की, काकू." मी डॉक्टरला विचारलं, माझे वडील एका दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत, आई अंगणात ज्वारी पाखडत होती, ते यामुळेच का? तो म्हणाला, आता इतक्या वर्षांनी सांगता यायचं नाही. बरं झालं त्यानं तसं सांगितलं. गाव म्हणालं होतं, सोन्यासारखं मरण आलं.  त्यानंतर आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हाही झोपताना तिचा एक हात पलंगाबाहेर असायचा. मला वाटायचं, सवय असेल. 

बाहेर आले तर तुमचे जावई बाकावर आडवे, डबा उशाला, आणि गाढ झोपलेले. दार बंद होतं, आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांना झोप लागली. त्यांना उठवायचं माझ्या जिवावर आलं. तिथेच मी मशीन घ्यायचं कबूल केलं. तुमची जागल खोटी ठरते म्हणून मी अडले होते, पण विचार केला, ती कुठे खोटी ठरली? चोर तर पळालेच. पोती तर राहिलीच. तुम्हाला जाग आली नव्हती, एवढंच, आणि तेही तुम्ही मला बैलगाडीत खरं सांगून टाकलं होतं.

आता मी नाकाला सोंड लावून झोपते. नातू मला गणपती म्हणतो. पहिल्या रात्री मात्र गंमत झाली. मशीन लागलं, माझं घोरणं बंद, घर शांत. आणि जावई घाबरून उठले आणि माझा पलंग हलवायला लागले. मी सोंडेतूनच ओरडले, "अहो, जिवंत आहे मी." ते म्हणाले, "आवाज नाई आला म्हनून." आणि मग आम्ही दोघं म्हातारे अंधारात बसून हसलो. आता ते झोपतात. भजनात माझा टाळ हातात राहतो. घरात घोरत कोणीच नाही.

हे लिहून झालं की कागद तुमच्या मळकट फोटोच्या मागे सारून ठेवेन, तुमच्यापर्यंत पोचवायला टपाल नाही. पण एक सांगून टाकते. त्या मुलीला गळ घालून तो आवाज मी माझ्या मोबाईलमध्ये उतरवून आणला आहे. दुपारी सगळे पांगले की मी कानात लावून पडते. सुनेला वाटतं, सासूबाई भजन ऐकतात. मी तुम्हाला ऐकते, बाबा. आणि तुम्ही थांबलात, की मी अजून पलंग हलवते.