समाधानाचा रकाना

माय, उद्या अमरावतीत नव्या डॉक्टरांपुढे बोलायचं आहे. अपंग माणूस दवाखान्यातून समाधानानं परततो का, हा विषय. सभा मी अजूनही गाजवते, पण आता बोलून झालं की लगेच खुर्ची शोधते. बोलावणारे फोनवर म्हणाले, "ताई, ती काट्याची गोष्ट सांगाच." तू जाऊन वीस वर्षं झाली आणि ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे, की सांगताना मला तुझा चेहरा दिसत नाही, समोरच्या रांगा दिसतात.

मणक्याच्या आजारानं तुझे पाय जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. पाठीवरच्या जखमेच्या ऑपरेशनसाठी आपण अकोल्याला गेलो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना वजन हवं होतं आणि दवाखान्यातला काटा उभ्या माणसाचा. सिस्टरनं तुझ्याकडे नजर टाकून लिहिलं, 'अंदाजे पंचावन्न'. डॉक्टर मला विचारतात, "यांना भूक लागते का?" मी म्हणते, "त्या इथेच बसल्यात, त्यांनाच विचारा." ते मान हलवतात आणि पुढचा प्रश्न पुन्हा मलाच. मग माझं डोकं फिरलं. तुला चाकाच्या खुर्चीसकट ऑटोत घातलं आणि थेट डाळ मिलच्या काट्यावर नेलं. हमालांनी तुरीची पोती बाजूला सारली, खुर्ची अलगद ठेवली. एक म्हणाला, "मावशी, तुमी तं अर्धं पोतं बी नाई भरत." तू म्हणालीस, "वजनातून कडता नोको कापू बाप्पा, आधीच वाळली हावो मी." सगळे हसले. मग रिकामी खुर्ची तोलली, ती वजा केली. एक्केचाळीस किलो. मिलचा शिक्का मारलेली ती पावती मी डॉक्टरांच्या टेबलावर आपटली. या वाक्यावर उद्याही टाळ्या पडतील.

त्यानंतरचं मी कुठेच सांगितलेलं नाही.

सुट्टी मिळाली तेव्हा एक छापील कागद भरायला दिला. सेवेबद्दल समाधानी आहात का? कागद माझ्या हातात आला आणि मी 'नाही' लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं, मागची बाजूही भरून काढली. तू खाटेवरून बघत होतीस.

"काय लिहून राहिली वो?"

"तुझ्यावर झालेला अन्याय."

"मले तं इचार. मी खुश हावो."

मला चीडच आली. जन्मभर कमी मिळालं की माणूस कमीवरच समाधान मानतो, हे मी तुला समजावू लागले. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा ऐकत होती. तू मला बोलू दिलंस आणि मग म्हणालीस, "झालं भाषन? आता आयक. ती बुटकी सिस्टर हाय ना, तिनं मले उचलाच्या आंधी इचारलं, मावशी, कुठून धरू तुमाले? सात वर्सं झाले, सारे मले उचलून राहिले. कोनी इचारलं नाई. वजनाचं तुले टोचलं. मले उचलनं टोचते."

मी म्हटलं, "कोणी म्हणजे? मी आहे ना."

"तू बी," तू म्हणालीस आणि डोक्यावर पदर ओढून घेतलास.

मी कागद बदलला नाही. तसाच दिला. तुझ्या नावापुढे माझा राग आजही कुठल्यातरी फायलीत पडला असेल.

किती वाचलं मी, माय. माणसाच्या सन्मानावर तासन्‌तास बोलले. तुला मात्र रोज सकाळी काखेत हात घालून, घाईत, पोत्यासारखं उचललं. तू डोळे मिटून घ्यायचीस. मला वाटायचं, झोप पुरी झाली नसेल.

त्यानंतर तू दोन वर्षं होतीस. विचारायला दोनच शब्द लागले असते. पण विचारलं असतं तर आजवर विचारलं नाही हे कबूल झालं असतं, आणि हार मानायची मला सवय नव्हती. आज तुला लिहिलेलं हे कुठे पाठवायचं नाही. उद्याच्या भाषणातही हे मी सांगेनसं वाटत नाही. तुला कुठून धरलं की दुखायचं नाही, हे मला अजून माहीत नाही.